सातला वाजणारा डबा

मानेतली गाठ टीबीची निघाली तेव्हा घाबरण्याआधी मी चकित झाले. खोकला नव्हता, ताप नव्हता. कानाखाली सुपारीएवढी गाठ, आणि दाबली तरी दुखायची नाही. डॉक्टरांनी सुई घालून तिच्यातलं थोडं तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर सांगितलं, की सहा महिने रोज गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. "फुप्फुसात नाहीये, तुमच्यापासून कोणाला होणार नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. बहुतेक माझा चेहरा बघून.

गोळ्या वाकोल्यातल्या पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळायच्या. तिथल्या सिस्टरनी पाकिटांबरोबर एक डबाही माझ्या हातात ठेवला. अर्धा किलो पेढ्यांचा असतो तेवढा, पांढऱ्या पुठ्ठ्याचा. आत एका कडेला प्लॅस्टिकचं छोटंसं यंत्र बसवलेलं.

"सकाळी सातला वाजेल. हिरवा दिवा लागेल. उघडायचा, गोळ्या घ्यायच्या, बंद करायचा. बाकी त्याला काही करायचं नाही."

"आणि नाही उघडला तर?"

"तर मला कळेल."

"कसं?"

"आत सिम आहे. इकडे माझ्या मोबाइलवर दिसतं." माझ्यामागे रांग होती, त्यामुळे एवढ्यावर भागवून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आजोबा गिरणीत होते, बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. रिटायर झाले तरी नवीन यंत्र दिसलं की ते आधी उलटं करून बघतात. जन्म मुंबईत गेला, पण अशा वेळी त्यांची मालवणी वर येते. मी डबा टेबलावर ठेवला तसे ते चष्मा शोधायला लागले.

"ह्येका कळता कसा, उघडलो म्हणान?"

मलाही तेच विचारायचं होतं. मग आम्ही दोघं त्याच्या मागे लागलो. बाबांनी झाकण हळूहळू, केसाएवढं वर केलं आणि कान लावला. मी टॉर्च धरला. त्यांनी डबा उलटा करून बघितला, दिवा बंद करून बघितला, फ्रीजवरचं लोहचुंबक त्याच्या कडेने फिरवून बघितलं. "लिफ्टच्या दाराला कॉन्टॅक्ट असतो," ते म्हणाले. "दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही. तसलाच काहीतरी बसवलाय ह्यात." कुठे बसवलाय ते मात्र सापडेना. स्क्रू ड्रायव्हर आणायला उठले तेव्हा मी डबा उचलून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीला ऑफिसात असताना सिस्टरचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"काल दिवसभर तुमच्या डब्याची उघडझाप होत होती. गोळ्या किती घेतल्या?"

"जेवढ्या सांगितल्यात तेवढ्याच. उघडत होते ते माझे वडील. बघत होते."

"काय बघत होते?"

"डब्याला कळतं कसं, ते."

पलीकडे त्या हसायला लागल्या. "काकांना सांगा, बघून झालं असेल तर राहू दे आता. मी इकडे घाबरले ना."

घरी येऊन सांगितलं तर बाबा ओशाळले, पण जास्त करून खूश झाले. "म्हणजे खरोखर कोणीतरी बघतं!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरं सांगायचं तर मलाही तोवर विश्वास नव्हता. मला वाटलं होतं, सरकारी वस्तू आहे, वाजेल काही दिवस आणि गप्प होईल. आता सकाळी झाकण उघडताना वाटायचं, इथे मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी आहे आणि तिकडे कुठेतरी माझ्या नावासमोर काहीतरी बदललं.

पुढच्या खेपेला गोळ्या आणायला गेले तेव्हा रांग नव्हती. मनात घोळत होतं ते विचारून टाकलं.

"सिस्टर, डबा उघडला आणि गोळ्या घेतल्याच नाहीत, तर?"

"डब्याला नाही कळणार. त्याला फक्त झाकण कळतं."

"मग?"

"मग मी विचारते, लघवी केशरी होते का. ह्या गोळ्यांनी होतेच. वजन बघते. तोंडाकडे बघते." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुमचं वजन वाढलंय. तुम्ही घेताय."

मला हे फार आवडलं. अर्धं काम यंत्राचं, अर्धं बाईचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. सकाळी डबा वाजला, मी झाकण उघडलं, आवाज थांबला. पण पीप-पीप चालूच. मी झाकण बंद करून पुन्हा उघडलं. तरी चालूच, फक्त बारीक. आवाज बाथरूमकडून येत होता. आमच्या इमारतीत सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एका डक्टमध्ये उघडतात. कोणाकडे बादली आपटली तर सहा घरांना कळतं. मी खिडकीला कान लावला आणि तो आवाज कोणीतरी गच्च दाबल्यासारखा एकदम थांबला.

दुसऱ्या दिवशीही तेच. आमच्यानंतर किंचित मागून.

"बाबा, आपल्यासारखा डबा अजून कोणाकडे तरी आहे."

बाबा उठून खिडकीत डोकं घालून उभे राहिले. आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वर कुठे काय वाजतंय ते ऐकलेला माणूस. "वरच्या मजल्यावर," ते म्हणाले. "आपल्या डोक्यावर नाही. जरा बाजूला."

"आत या बघू. कोणी बघितलं तर काय म्हणेल?"

"तुला जाणून घ्यायचं नाहीये?"

मला तर त्यांच्याहून जास्त जाणून घ्यायचं होतं. ऑफिसात मी थायरॉइड म्हणून सांगितलं होतं आणि गळ्याला स्कार्फ बांधून जात होते. बिल्डिंगमध्ये तर कोणालाच काही बोलले नव्हते. आणि आता इथेच, एका स्लॅबच्या पलीकडे, अजून कोणीतरी रोज सातला तेच झाकण उघडत होतं. लिफ्टमध्ये मी लोकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कोण वाळलंय, कोण खोकतंय, कोणाच्या पिशवीत काय आहे. वरच्या मजल्यावरच्या काकांनी छत्रीच्या दांड्याला रुमाल बांधला होता, त्यावरही मी विचार केला. आपण असं का बघतोय ते आवडत नव्हतं, पण बघणं थांबत नव्हतं.

मात्र विचारायचं नाही, असं मी बाबांना बजावलं. ज्याने लपवलंय त्याला लपवायचं असणार, जसं मला होतं.

मग आवाज बदलला. गोधडीतून आल्यासारखा जाड ऐकू यायला लागला. काही सकाळी तो वाजत राहायचा, थांबायचा, थोड्या वेळाने पुन्हा वाजायचा. म्हणजे झाकण उघडलं जात नव्हतं. त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागायचं नाही. कोण आहे माहीत नसलेल्या माणसाच्या गोळीची काळजी करत मी कुरिअरची बिलं तपासत असायचे.

एका रविवारी दुपारी बाबा झोपले होते आणि बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या घरातली सून, हातात वाटी. लग्न होऊन वर्षही झालं नसेल. जिन्यात दिसली की हसायची, एवढीच ओळख.

"ताई, विरजण आहे का थोडं?"

मी वाटी घेऊन आत गेले. बाहेर आले तर ती मांडणीसमोर उभी होती. घड्याळाशेजारी डबा होता. ती त्याच्याकडे बघत होती, आणि वाटी घ्यायला हात पुढे न करता म्हणाली,

"हे तुमच्याकडे पण वाजतं ना?"

इतके दिवस मी तिचा आवाज ऐकत होते, पण तीही माझा ऐकत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी "हो" म्हटलं, आणि ती खुर्चीत बसून रडायला लागली. मी पाणी दिलं, पंखा वाढवला.

तिचा टीबी फुप्फुसातला होता. नवऱ्याला माहीत होतं, तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. पण सासूला सांगायचं नाही, असं त्यानेच ठरवलं. तो पवईला एका मोठ्या ऑफिसच्या पँट्रीत, सकाळची शिफ्ट, सहाच्या आत घराबाहेर. सातला घरात सासू, सून आणि डबा.

"आवाज कसला म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, पाणी यायच्या वेळेचा अलार्म आहे मोबाइलचा."

"आणि?"

"आणि आता रोज वाजला की त्या म्हणतात, जा, बादली लाव."

मला हसू आलं, तिलाही आलं, रडता रडता. एका खोलीचं घर. सासू दिवसभर घरात. डबा ट्रंकेत, साड्यांच्या खाली. सासू अंघोळीला गेली की ट्रंक उघडायची, गोळ्या तोंडात टाकायच्या. एखाद्या दिवशी सासूने आधीच अंघोळ केलेली असायची, मग राहून जायचं.

"आवाज बंद करून मिळतो, सिस्टरना सांग ना."

"सांगितलं असतं. पण मग मीच विसरते, ताई. ट्रंकेतली वस्तू कोणाला आठवते?"

"घरच्यांना कळलं तर काय होईल, वाटतं?"

"माहेरी पाठवतील. म्हणतील, आधीपासून होतं, लपवून लग्न केलं." तिचं माहेर वाशीमकडे. आईवडील शेतमजूर. सांगताना ती बोटातली अंगठी फिरवत होती.

डबा आमच्याकडे ठेवायची कल्पना तिचीच. सकाळी दूध आणायला ती खाली उतरतेच, जाताना आमच्याकडे थांबेल. मी एका अटीवर हो म्हटलं, की सिस्टरना सांगायचं. फोन मीच लावून तिच्या हातात दिला. सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, डबा कुठे ठेवायचा ते तुझं तू ठरव, गोळी चुकली नाही म्हणजे झालं. पण शेवटी म्हणाल्या, "तुझ्या घरच्यांची तपासणी राहिलीय. सासूबाईंचं वय बघ. हे किती दिवस ढकलणार?" फोन स्पीकरवर होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

मग आमच्या मांडणीवर दोन डबे झाले. आधी माझा वाजायचा, मग तिचा. ती चपला दाराबाहेर न काढता हातात घेऊन आत यायची, म्हणजे पॅसेजमध्ये कोणाला दिसू नयेत. उभ्याने गोळ्या घ्यायची, ग्लास विसळून ठेवायची आणि पिशवी घेऊन पळायची. आठवडाभरात ती पळायची कमी झाली. बाबा तिला विचारायचे, वाशीमला लिफ्ट आहे का. ती मला विचारायची, "तुम्ही लग्न का नाही केलं?" सरळ, जसं भाजीचा भाव विचारावा तसं. मला राग आला नाही. मलाही तिला भरपूर विचारायचं होतं. ती शाळेत कबड्डी खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेली होती, दम लागायला लागला तेव्हा वाटलं मुंबईची हवाच अशी असेल. हे सगळं मला दुधाच्या वेळेत थोडं थोडं कळलं. तिच्या गालांवर मांस यायला लागलं होतं. सिस्टरसारखं मीही आता तोंडाकडे बघायला शिकले होते.

पण सासूबाईंचं वय माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तिला मी दोनदा म्हटलं, तपासणीचं काहीतरी कर. ती म्हणायची, हे बोलतील, सुट्टी मिळाली की बोलतील.

बोलायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. एका सकाळी ती ग्लास तोंडाला लावून उभी असताना दार ढकलून सासू आत आली. आम्ही दार नुसतं लोटलेलं ठेवायचो. जाडजूड, ठेंगणी बाई, पदर खोचलेला. दुधाला इतका वेळ का लागतो म्हणून खाली उतरली होती. तिने सुनेच्या हातातली गोळ्यांची पट्टी बघितली. उघडा डबा बघितला. तेवढ्यात शेजारचा माझा डबा, मी बोलण्यात विसरले होते तो, पुन्हा पीप-पीप करायला लागला.

"हा तं पाण्याचा अलार्म व्हय ना?" सासू म्हणाली.

माझ्या ओठांवर आलं होतं, की दोन्ही डबे माझेच आहेत. पण सुनेने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, मला टीबी झालाय. गोळ्या चालू आहेत. बरं वाटतंय आता."

मावशी, तिच्या सासूला बिल्डिंगमध्ये सगळे मावशीच म्हणतात, खाली बसल्या, तिथेच दारापाशी. मला वाटलं, आता माहेरचं निघणार. त्या सुनेकडे नाही, आमच्या मांडणीकडे बघत होत्या.

"खालच्या घरी समदं माहीत. अन् मले, एका खोलीत राहून, नाही?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "त्याले माहीत होतं?"

सुनेने मान हलवली.

"हाव. म्हणजे मीच परकी."

बाबांनी चहा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. उठल्या, सुनेचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि तो घेऊन जिना चढून गेल्या, पदराआड वगैरे न घेता. सून मागोमाग. दुधाची पिशवी आमच्याकडेच राहिली.

नंतरचे दिवस वाईट गेले. दूध आता संध्याकाळी कामावरून येताना नवराच आणायला लागला. आम्हाला बघून मान खाली घालायचा. सातला मी बाथरूमच्या खिडकीत उभी राहायचे, पण वरून काही येत नव्हतं. बाबा म्हणाले, "गेली वाटतं माहेरी." वर जाऊन बेल वाजवायचं धाडस होईना. कोणत्या तोंडाने जायचं? मावशींना त्यांच्याच घरात परकं करायला आमचं घर वापरलं गेलं होतं.

शेवटी सिस्टरना फोन केला. त्या दुसऱ्या पेशंटबद्दल बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, "फक्त एवढंच सांगा, ती ठीक आहे का?"

त्या म्हणाल्या, "डबा रोज उघडतोय. सातला. काळजी करू नका."

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाची बातमी मला दवाखान्यातून मिळाली होती, आणि दवाखान्याला एका झाकणाकडून. आवाज का येत नव्हता तेही पुढे कळलं. मावशी सातच्या आधीच डबा मांडीवर घेऊन बसायच्या. हिरवा दिवा लागला रे लागला की झाकण उघडायच्या, त्याला एकदाही वाजायची संधी द्यायच्या नाहीत.

हे त्यांनीच सांगितलं, दवाखान्यात. मी गोळ्या आणायला गेले होते आणि त्या बाकावर बसल्या होत्या, सुनेबरोबर, छातीचा फोटो काढून आलेल्या. मला बघून त्यांनी सरकून जागा दिली. एवढं पुरेसं होतं. सून त्यांच्या पलीकडून हसली.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा मावशींनी त्यांना अडवलं. "तुमच्या मोबाइलात दिसते म्हणतात. मले दाखवा."

सिस्टरनी सुनेकडे बघितलं, सुनेने दाखवा म्हटलं. मीही वाकले. इतके महिने मी ज्याची कल्पना करत होते ते शेवटी दिसलं, आणि ते अगदीच साधं होतं. कॅलेंडरसारखे चौकोन. उघडला तो दिवस हिरवा. मावशींना वाचता येत होतं तेवढं त्यांनी वाचलं आणि मग बोट ठेवलं.

"हे काहून पांढरे?"

सून म्हणाली, "तेव्हा तुम्ही आधी अंघोळ करायच्या."

मावशींना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी बोट मागे घेतलं नाही. एकेक पांढरा चौकोन दाबत गेल्या, जसं काही दाबून तो हिरवा होणार होता. "सांगतलं असतं तं मी उशिरा केली असती ना आंघोळ," त्या म्हणाल्या. सुनेला म्हणाल्या की सिस्टरला, कळलं नाही. सिस्टरनी मोबाइल काढून घेतला आणि सांगितलं, तुमचा फोटो स्वच्छ आहे, मुलाचाही. सुनेच्या गोळ्या मात्र, मधे चुकल्यामुळे, थोड्या पुढे चालतील.

त्या पुढे चालल्या, आणि माझ्यानंतर संपल्या. शेवटच्या तपासणीत काही निघालं नाही. आता ती घाटकोपरला एका चष्म्याच्या दुकानात जाते. संध्याकाळी जिन्यात भेटली की दोन दोन पायऱ्या चढते. मावशी बाबांना अजून वहिनी म्हणू देत नाहीत. म्हणतात, मी तुमच्याहून लहान. दोघांचं भांडण वयाच्या दाखल्यापर्यंत गेलंय.

माझ्या गोळ्या संपल्या त्या दिवशी बाबा माझ्याबरोबर दवाखान्यात आले. डबा परत करायचा होता. त्यांनी सिस्टरना फार मानाने विचारलं, की आता हा रिकामा आहे, तर एकदा उघडून बघता येईल का, आतून.

"नाही काका," त्या म्हणाल्या. "हा उद्याच जाणार."

"कुठे?"

"नवीन पेशंटकडे."

"कोणाकडे?" मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या आणि ओल्या फडक्याने डबा पुसायला लागल्या. परत येताना रिक्षात बाबा कॉन्टॅक्टबद्दल बोलत होते, की तो बहुतेक झाकणाच्या मागच्या घडीत असणार. मी नुसती हुं हुं करत होते. कोणत्या घरात जाईल तो, तिथे मांडणी असेल की ट्रंक, आणि सातला तिथे घरात कोण कोण असेल, ह्याचाच मी विचार करत होते.